‘त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही’ : जमीन विकताना हे वाक्य तुम्हाला वाचवणार नाही



धंदा सुरू करायचा म्हटलं की पहिला प्रश्न भांडवलाचा. बँक तारण मागते, पाहुणे तोंड फिरवतात आणि मग घरात कुणीतरी म्हणतं, "तो खालचा तुकडा विकून टाकू या का?" आपल्यापैकी किती जणांच्या धंद्याची सुरुवात अशी झाली असेल, मोजून बघा. म्हणून आजचा विषय जमीन विकण्याचा आहे. भाव कसा वाढवायचा हे आज सांगणार नाही. आज सांगणार आहे की विकताना समोरच्याला काय काय सांगावंच लागतं, आणि नाही सांगितलं तर काय होतं.

सुरुवात माझ्यापासूनच करतो.

विहीर बोलली, मी नाही

मसाला कांडपाचं युनिट टाकायचं म्हणून आम्ही वडिलांच्या नावचा ३० गुंठ्यांचा तुकडा विकायला काढला होता. जमीन चांगली, तालुक्याच्या गावापासून जवळ. खोट एकच होती. विहिरीला पाणी फेब्रुवारीपर्यंत, त्यानंतर तळ दिसायचा. ओळखीच्या एजंटाने स्पष्ट सांगितलं, "दिवाळीच्या आत उरका. आत्ता विहीर काठोकाठ आहे. मार्चमध्ये कोण येतंय बघायला?"

गिऱ्हाईक आलं ते नवरा-बायको. त्यांना रोपवाटिका काढायची होती. म्हणजे पाणी हाच त्यांचा धंदा. ताई विहिरीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पाणी बारमाही का हो?"

मी म्हणालो, "बघताय ना तुम्ही."

खोटं बोललो का? नाही. खरं बोललो का? तेही नाही. त्याच दिवशी त्यांनी ५० हजार इसार दिला. मी मशिनवाल्याला त्यातूनच ॲडव्हान्स दिला.

रात्री जेवताना आई म्हणाली, "त्या बाईने तुला विचारलं, तर तू विहिरीकडे हात केलास. विहीर बोलली, तू नाही बोललास. पण पैसे विहिरीने नाही घेतले."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो आणि सांगून टाकलं. ते चिडले नाहीत, पण व्यवहार मोडला. इसार परत करावा लागला. मशिनचा ॲडव्हान्स बुडाला. पुढे मे महिन्यात, विहिरीत दगड दिसत असताना, शेळीपालनाचं शेड टाकणाऱ्या एका शेतकऱ्याने तीच जमीन घेतली. आधी ठरलेल्या रकमेपेक्षा तीन लाखांनी कमी. माझं युनिट सात महिने उशिरा सुरू झालं.

ही गोष्ट ‘प्रामाणिकपणाचं फळ गोड’ अशी संपत नाही. मला तोटा झाला, आणि तो मी भोगला. ती रोपवाटिकावाली जोडी पुन्हा भेटलीही नाही. मग मी हे का सांगतोय? कारण त्या वेळी मला वाटत होतं की मी फक्त मनाच्या टोचणीपोटी सांगायला गेलो. नंतर एका वकिलाने कायदा दाखवला, तेव्हा कळलं की ते सांगणं माझं कर्तव्यच होतं.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नावाचा कायदा आहे. त्याचं कलम ५५ विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची कर्तव्यं सांगतं. वेगळा करार झालेला नसेल तर हीच कर्तव्यं लागू होतात. विकणाऱ्याचं पहिलंच कर्तव्य साध्या भाषेत असं आहे :

मालमत्तेत किंवा तुमच्या मालकी हक्कात एखादा महत्त्वाचा दोष आहे, तो तुम्हाला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि नेहमीची काळजी घेऊनही त्याला तो सापडला नसता, तर तुम्ही तो स्वतःहून सांगायचा.

स्वतःहून. त्याने विचारलं की नाही, हा प्रश्नच येत नाही.

याच कलमात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, घेणाऱ्याने मागितली की कागदपत्रं तपासायला दाखवायची. दोन, जमिनीबद्दल किंवा मालकीबद्दल त्याने विचारलेल्या रास्त प्रश्नांची उत्तरं, आपल्याला जेवढं ठाऊक आहे तेवढी, नीट द्यायची. म्हणजे माझं ते "बघताय ना तुम्ही" इथेच नापास झालं.

आणि कलमाच्या शेवटी जे लिहिलंय ते वाचून मला घाम फुटला होता. दोष सांगायचं हे कर्तव्य चुकवलं तर ते कपट समजलं जाईल, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. नुसती ‘चूक’ म्हणून ते सुटत नाही.

याला जोडून भारतीय करार अधिनियम, १८७२ येतो. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणं हे त्याच्या कलम १७ प्रमाणे कपटात मोडतं, आणि कपटाने झालेला करार फसलेल्या माणसाला रद्द करून मागता येतो. त्यात मुदतीचा हिशेबही तुमच्या बाजूने नाही. मुदत कायद्याप्रमाणे कपटाच्या प्रकरणात दावा लावायची मुदत, फसवणूक लक्षात आल्यापासून किंवा नेहमीच्या काळजीने ती लक्षात येऊ शकली असती तेव्हापासून मोजली जाते. म्हणजे खरेदीखत होऊन चार वर्षं झाली, आता आपण सुटलो, असं धरून चालू नका. आणि प्रकार मुद्दाम केलेल्या लबाडीचा असेल तर भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. वस्तुस्थिती अप्रामाणिकपणे लपवणं हीसुद्धा फसवणूक, असा खुलासा त्या कलमातच दिला आहे.

हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे

रोममध्ये सिसरो नावाचा मोठा वकील आणि विचारवंत होऊन गेला. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये त्याने कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक खटला दिलाय. क्लॉडियस सेंटुमॅलस नावाच्या माणसाचं एका टेकडीवर उंच घर होतं. शकुन पाहणाऱ्या सरकारी पुरोहितांच्या नजरेआड ते येत होतं, म्हणून त्यांनी उंच भाग पाडायचा हुकूम दिला. या गृहस्थांनी काय केलं? हुकूम खिशात ठेवला आणि घर विकायला काढलं. कॅल्पर्नियस नावाच्या माणसाने ते घेतलं. थोड्याच दिवसांत त्यालाही तोच हुकूम आला. त्याने बिचाऱ्याने घर पाडलं आणि नंतर त्याला कळलं की विकणाऱ्याला हे आधीपासून माहीत होतं.

न्यायनिवाडा करणाऱ्या मार्कस कॅटोने निकाल दिला : विकताना तुला माहीत होतं आणि तू सांगितलं नाहीस, म्हणून नुकसान तू भरून दे.

आता ‘पुरोहितांचा हुकूम’ काढा आणि तिथे ‘रस्ता रुंदीकरणाची नोटीस’ लिहा. गोष्ट आपल्या गावची वाटते की नाही?

दिसणारा दोष आणि न दिसणारा दोष

इथे पुष्कळ जणांचा गोंधळ होतो. सगळंच सांगत बसायचं का? कायदा तसं म्हणत नाही.

शेतावरून विजेची मोठी लाइन गेलीय, जमीन खडकाळ आहे, शेजारी वीटभट्टी आहे. हे डोळ्यांना दिसतं. समोरच्याने बघून घ्यायला हवं. पण विहीर मार्चमध्ये आटते हे ऑक्टोबरमध्ये कसं दिसणार? जमिनीखालून पाइपलाइन गेली असेल तर वरून काय कळणार? पेट्रोलियम किंवा गॅसच्या पाइपलाइनसाठी सरकारने वापराचा हक्क घेतलेला असतो. मालकी तुमचीच राहते, पण त्या पट्ट्यात बांधकाम, विहीर, तळं करता येत नाही आणि झाडं लावता येत नाहीत. शेड टाकायला जमीन घेणाऱ्याचं पूर्ण गणितच तिथे कोसळतं.

मी माझ्यापुरता एक सोपा नियम केलाय : ही गोष्ट कळली तर हा माणूस भाव बदलेल किंवा उठून जाईल, असं ज्या गोष्टीबद्दल तुम्हाला आतून वाटतं, ती गोष्ट सांगायची. भीती वाटते म्हणजेच ती महत्त्वाची आहे. कायद्याची कसोटी थोडी वेगळी असेल, पण या नियमाने चालाल तर कायद्याच्या एक पाऊल पुढेच राहाल.

काय काय सांगायचं? ही यादी जवळ ठेवा

१. बहिणीचा हिस्सा. आपल्याकडे सगळ्यात जास्त लपवली जाणारी गोष्ट हीच. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सांगितलंय. सातबारावर ताईचं नाव नाही म्हणून हक्क गेला, असं होत नाही. हक्कसोडपत्र झालं असेल तर ते नोंदणीकृत आहे का, ते दाखवा. झालं नसेल तर ताईला बसवून बोला, सही घ्या, तिचा वाटा द्या.

२. भोगवटादार वर्ग. सातबारावर वर्ग १ आहे की वर्ग २? वर्ग २ म्हणजे शर्तीची जमीन. वतनाची, सरकारने दिलेली, पुनर्वसनाची वगैरे. ती सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकली तर शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमा व्हायची वेळ येऊ शकते. कूळ कायद्यातून मिळालेली जमीन असेल तर तेही सांगा, तिचेही वेगळे नियम आहेत. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला तर कडक निर्बंध आहेत.

३. बोजा. विकास सोसायटीचं पीककर्ज, बँकेचं तारण, खासगी सावकाराकडे गहाण. ‘इतर हक्क’ या रकान्यात नोंद असेल तर ती दिसेल, पण हातउसने घेऊन साठेखत लिहून दिलं असेल तर ते तुम्हालाच माहीत. कर्ज फिटलंय पण बोजा उतरलेला नाही, असंही असतं. आधी बोजा कमी करून फेरफार करून घ्या.

४. कोर्टातला दावा. वाटपाचा असो, हद्दीचा असो की वहिवाटीचा, दावा चालू असताना जमीन घेतली तर त्याचा निकाल घेणाऱ्याच्याही अंगावर येऊ शकतो. तोंडी हरकत घेणारा भाऊबंद असेल तरी सांगा.

५. रस्ता. आपण चुलत्याच्या बांधावरून वर्षानुवर्षं जातो, कारण तो आपला चुलता आहे. उद्या परका माणूस आला तर तो जाऊ देईल का? नकाशावर रस्ता आहे, की फक्त वहिवाट आहे, की नुसता शब्द आहे? तिन्ही वेगळं आहे. ‘जायला वाट आहे’ एवढं म्हणून सोडू नका.

६. हद्द आणि क्षेत्र. सातबारावर ४० गुंठे आणि ताब्यात ३६, हे गावात नवीन नाही. शक्यतो विकण्याआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, चार गुंठ्यांत माणूस दुकानाचा मोठा गाळा टाकतो.

७. आरक्षण आणि नोटिसा. विकास आराखड्यातलं आरक्षण, रस्ता रुंदीकरण, कालवा, भूसंपादन. नोटीस घरी आली असेल तर तिची झेरॉक्स सरळ समोर ठेवा.

८. पाणी. विहीर सामाईक आहे का, पाण्याची पाळी कशी ठरलीय, बोअर किती महिने चालते, पावसाळ्यात ओढ्याचं पाणी शेतात शिरतं का.

एक गोष्ट लक्षात घ्या. सातबारा आणि फेरफार हे महसुलाचे कागद आहेत, मालकीचा शेवटचा पुरावा नाहीत. त्यामुळे "सातबारा क्लिअर आहे ना, मग झालं" असं म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही.

सांगायचं कसं? तोंडी नको, कागदावर

इथे उद्योजकाची बुद्धी वापरा. तोंडी सांगितलेली गोष्ट पाच वर्षांनी कुणाला आठवत नाही. म्हणून :

- एक पानाचं माहितीपत्रक करा. वर गट नंबर, क्षेत्र, खाली वरचे आठ मुद्दे. प्रत्येकापुढे ‘आहे’, ‘नाही’ किंवा ‘मला माहीत नाही’.
- ‘मला माहीत नाही’ लिहायला लाजू नका. पण माहीत असून ते लिहू नका.
- हे पत्रक इसार घेण्याआधी द्या. पैसे हातात आल्यावर जीभ जड होते, मी अनुभवलंय.
- दोघांच्या सह्या, तारीख. एक प्रत त्यांना, एक तुम्हाला.
- यातले महत्त्वाचे मुद्दे साठेखतात आणि खरेदीखतातही घाला. वकिलाला तसं सांगा.
- जमीन पाहायला गिऱ्हाईक आलं आणि प्रश्न विचारला, तर उत्तर वाक्यात द्या. हात करून दाखवू नका.

बघा, हा कागद घेणाऱ्याचं रक्षण करतो तसं तुमचंही करतो. जे त्याला माहीत होतं, त्यावरून तो उद्या ‘मला फसवलं’ म्हणू शकणार नाही. उलट कुणी म्हणेल, खरेदीखतात ‘जमीन आहे त्या स्थितीत घेतली’ असं लिहून टाकू. त्या ओळीवर विसंबू नका. माहीत असलेला दोष लपवला असेल तर तिची ढाल होईल याची खात्री नाही.

"पण सर, भाव पडेल ना!"

पडेल. कधी कधी नक्की पडेल. माझा तीन लाखांनी पडला.

पण हिशेब पूर्ण मांडा. ते तीन लाख माझे होते का? माझ्या जमिनीचा खरा भाव मार्चच्या विहिरीचा होता. ऑक्टोबरच्या विहिरीचा भाव मला मिळाला असता, तर वरचे तीन लाख त्या ताईंच्या खिशातून आले असते. त्यांची रोपं एप्रिलमध्ये वाळली असती आणि त्यांचं भांडवल बुडालं असतं. त्याही आपल्यासारख्याच धंदा उभा करायला निघालेल्या होत्या.

आणि धंद्याच्या बाजूने बोलायचं तर, जमीन विकून आलेला पैसा तुम्ही मशिनमध्ये, मालात, उधारीत घालणार. तो मोकळा राहत नाही. दोन वर्षांनी व्यवहार रद्द करा आणि पैसे व्याजासकट परत द्या, असा दावा आला, तर विकायला तुमच्याकडे काय असेल? मशिन. ज्या भांडवलावर दावा लागू शकतो, ते भांडवल पायात घेऊन धंदा करायचा नसतो.

दुसरं, योग्य गिऱ्हाईक असतंच. जी जमीन रोपवाटिकेला चालली नाही, ती शेळ्यांना चालली. खोट सांगितल्याने विक्री थांबत नाही, फक्त चुकीचं गिऱ्हाईक गळतं.

प्लॉटिंग किंवा एजन्सी करायचा विचार असेल तर

तुमच्यापैकी काही जणांना जमिनीचाच धंदा करायचाय. त्यांच्यासाठी नियम आणखी कडक आहेत. २०१६ चा रेरा कायदा आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर सर्वसाधारणपणे महारेराकडे नोंदणी लागते, आणि अशा प्रकल्पातले प्लॉट विकून देणाऱ्या एजंटालाही. एजंटाने खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगणं हा त्या कायद्याखाली दोष आहे. जमिनीच्या मालकीतच खोट निघाली आणि त्यामुळे ग्राहकाचं नुकसान झालं, तर त्या भरपाईच्या मागणीला मुदतीचा अडथळा नाही, असं कलम १८ सांगतं. म्हणजे दहा वर्षांनीही माणूस दारात येऊ शकतो.

आणि हो, कर्तव्य एकतर्फी नाही. विकणाऱ्याच्या हक्काबद्दल, त्याची किंमत बरीच वाढवेल अशी एखादी गोष्ट घेणाऱ्याला माहीत असेल आणि विकणाऱ्याला नसेल, तर ती घेणाऱ्यानेही सांगायची, असं कलम ५५ मध्येच आहे. उद्या तुम्ही गाळ्यासाठी एखाद्या म्हाताऱ्या आजोबांची जमीन घ्यायला जाल, तेव्हा हे आठवा.

आजचं काम

जमीन विकायची असो वा नसो, आज एवढं करा. घरचा सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. वरची आठ मुद्द्यांची यादी घेऊन बसा आणि प्रत्येकापुढे खरं उत्तर लिहा. जिथे पेन अडखळेल तिथे खूण करा. ते काम विकायच्या आधी निस्तरायचं आहे. प्रत्यक्ष व्यवहाराच्या वेळी जमिनीची कामं करणारा वकील जरूर गाठा, कारण प्रत्येक गटाची कुंडली वेगळी असते आणि तुकडेबंदीसारखे नियम बदलतही असतात.

मी आजही त्या रस्त्याने जातो. शेळ्यांचं शेड दिसतं, मालक हात वर करतो, मी गाडी थांबवतो. मे महिन्यातही थांबवतो. तीन लाखांना ते महाग पडलं की स्वस्त, हे तुम्ही तुमच्यापुरतं ठरवा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत धंदा करा, आणि सांगून करा.